हिरवी रेघ, पिवळी रेघ

मामाला मी ‘ग्राइंडहाउस’ हा सिनेमा लावून दिला तेव्हा पाच मिनिटं पण झाली नसतील, त्याने हात पुढे करून थांबव म्हणून सांगितलं. मला वाटलं रक्तबिक्त दिसणार म्हणून नको वाटलं असेल, पण तो लॅपटॉपच्या अगदी जवळ वाकला, चष्मा वर केला आणि म्हणाला, "ही प्रिंट कुणी चालवली गं?"

माझा मामा बत्तीस वर्षं सिनेमाची मशीन चालवणारा ऑपरेटर होता. सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी सिंगल स्क्रीन थिएटर होतं, आता तिथे मंगल कार्यालय आहे, तिथल्या केबिनमध्ये दोन मशीनच्या मधे त्याचं सगळं आयुष्य गेलं. माझ्या लहानपणीच्या उन्हाळी सुट्ट्या त्या केबिनमधल्या लाकडी स्टुलावर गेल्यात, कार्बन जळल्याचा वास, मशीनची खडखड, आणि भिंतीतल्या चौकोनी भोकातून खाली दिसणारा सिनेमा. त्यामुळे मी त्याला जो सिनेमा दाखवत होते तो त्याला आवडेलच असं मी धरून चालले होते. क्वेंटिन टॅरँटिनो आणि रॉबर्ट रॉड्रिगेझ या दोघांनी २००७ मध्ये केलेला हा डबल सिनेमा म्हणजे जुन्या स्वस्त थिएटरांना वाहिलेली आदरांजली, पडद्यावर ओरखडे, तुटलेली फिल्म चिकटवल्याचे उडणारे जॉइंट, रंग उतरलेले, मधेच एक अख्खं रीळ गायब. मला वाटलं होतं मामाला त्याचं जग पुन्हा दिसेल.

मामा म्हणाला, "गेट साफ न करता चालवलीय. आणि हा जॉइंट बघ कसा मारलाय, उडतोय. ह्याला केबिनमध्ये उभं कुणी केलं?" गेट म्हणजे मशीनमधली ती फट, जिथून फिल्मची पट्टी दिव्यासमोरून जाते.

मग मी समजावून सांगितलं की मामा, यात रॉड्रिगेझचा जो भाग आहे तो फिल्मवर काढलेलाच नाहीये, डिजिटल कॅमेऱ्यावर काढलाय, रीळ नाही, गेट नाही, ऑपरेटर नाही, हे सगळे ओरखडे नंतर कॉम्प्युटरवर टाकलेत.

"मुद्दाम?"

"हो, मुद्दाम."

"कशाला?"

मला उत्तर देता आलं नाही. म्हणजे उत्तरं होती, नॉस्टॅल्जिया वगैरे, पण त्याच्या तोंडाकडे बघून ती सांगवली नाहीत. त्याला वाईट वाटलं होतं. एखाद्याने आपल्या आजारपणाची नक्कल करून दाखवावी आणि लोकांनी टाळ्या वाजवाव्यात तसं काहीतरी झालं होतं त्याला, आणि तो ‘कशाला’ माझ्या डोक्यात इतकी वर्षं राहिलाय. नवीन हॉरर सिनेमा जुन्या स्वस्त, बदनाम सिनेमाला सलाम करतो म्हणजे नक्की कशाला करतो? फिल्मच्या पट्टीवरच्या ओरखड्यांना करतो का ती पट्टी चालवणाऱ्या, काढणाऱ्या, त्यात काम करणाऱ्या माणसांना?

त्या दिवशी मामाने मला ओरखडे वाचायला शिकवलं. रंगीत प्रिंटवर रंगांचे तीन थर असतात एकावर एक. पट्टीच्या पाठीवर ओरखडा पडला तर पडद्यावर काळी रेघ दिसते, ती त्यातल्या त्यात बरी, कारण चित्र शाबूत असतं. पण चित्राच्या बाजूने लागलं की वरचा किरमिजी थर आधी जातो आणि रेघ हिरवी दिसते. अजून खोल गेलं की पिवळी. आणि पांढरी रेघ म्हणजे सगळंच गेलं, तिथे आता नुसतं प्लास्टिक आहे आणि त्यातून दिव्याचा उजेड येतोय. "हिरवी दिसली की मी मशीन थांबवून गेट बघायचो," तो म्हणाला, "लोक शिट्ट्या मारायचे, मारू देत. पिवळी होऊ द्यायची नाही."

आमच्या थिएटरला प्रिंट यायची ती मुंबई-पुण्यात, मग सातारा-कोल्हापुरात चालून चालून, कधी दोन वर्षांनी, कधी पाच, एसटीच्या टपावर लोखंडी पेटीतून. सी सेंटर म्हणायचे आम्हाला. रिवाइंड करताना मामा पट्टी दोन बोटांच्या चिमटीतून जाऊ द्यायचा, डोळे दुसरीकडे असले तरी चालायचं, कडेची छिद्रं कुठे फाटली असली की बोटाला कळायचं. तिथे थांबायचं, कापायचं, ब्लेडने थर खरवडायचा, सिमेंट लावायचं (त्याचा तो डोक्यात जाणारा वास), दाबून धरायचं. एक जॉइंट म्हणजे दोन-चार फ्रेम गेल्या. सेकंदाला चोवीस फ्रेम, त्यामुळे एका जॉइंटने काही होत नाही, पण पन्नास गावच्या पन्नास ऑपरेटरांनी एकाच गाण्यात जॉइंट मारले की गाण्यातले शब्द गायब व्हायला लागतात. आम्ही पोरं काही गाणी तशीच पाठ करायचो, तुटकी, आणि नंतर रेडिओवर पूर्ण गाणं ऐकलं की तेच चुकीचं वाटायचं.

एकदा पेटीतून नववं रीळ आलंच नाही. मालक म्हणाला, चालव तसाच, कोण बघतंय. मामाने चालवला नाही. संध्याकाळचा शो रद्द झाला, खुर्च्या मोडल्या, मामाचा आठ दिवसांचा पगार कापला. ‘ग्राइंडहाउस’मध्ये जेव्हा रीळ गायब असल्याची पाटी येते आणि सिनेमा टुणकन पुढे जातो तेव्हा मला तो आठ दिवसांचा पगार आठवतो.

आता जरा मागे जाऊ, कारण ज्या सिनेमाला हे सलाम चाललेत तो काय होता ते सांगायला पाहिजे. न्यूयॉर्कच्या ४२व्या रस्त्यावर ओळीने थिएटरं होती, दिवसरात्र चालणारी, एका तिकिटात दोन-तीन सिनेमे. त्यांना ग्राइंडहाउस म्हणायचे. आणि अमेरिकेत गावोगावी ड्राइव्ह-इन, गाडीत बसून बघायचं. या दोन्ही ठिकाणांना सतत माल लागायचा, स्वस्त आणि झटपट, आणि स्टार परवडत नसला की एकच गोष्ट उरायची, मोठ्या स्टुडिओचा सिनेमा जे दाखवायला धजत नाही ते दाखवायचं. रक्त, नागडेपणा, ड्रग्ज, बाइकवाल्या टोळ्या, जे काय. याला एक्सप्लॉयटेशन सिनेमा असं नाव पडलं, विषयाचा पुरेपूर फायदा उपटणारा.

हर्शेल गॉर्डन लुइसने १९६३ मध्ये मायामीत ‘ब्लड फीस्ट’ काढला, त्याला पडद्यावरच्या थेट रक्तपाताचा पहिला सिनेमा मानतात. रॉजर कॉर्मनने ‘लिटल शॉप ऑफ हॉरर्स’ मुख्यतः दोन दिवसांत संपवला कारण सेट तेवढाच वेळ उभा राहणार होता, आणि याच कॉर्मनच्या हाताखाली स्कॉर्सेसी, कोपोला, जेम्स कॅमेरॉन ही मंडळी तयार झाली. जॉर्ज रोमेरोने १९६८ मध्ये पिट्सबर्गजवळ ‘नाइट ऑफ द लिव्हिंग डेड’ काढला, रक्त म्हणून चॉकलेट सिरप वापरलं, ब्लॅक अँड व्हाइटमध्ये कळत नाही. आणि शेवटच्या क्षणी सिनेमाचं नाव बदललं तेव्हा नव्या पाटीवर कॉपीराइटची ओळ टाकायची राहून गेली, त्यामुळे तो सिनेमा कुणाचाच नाही राहिला, कुणीही दाखवावा. ज्याने जगाला आजचा झाँबी दिला त्याच्या हातून त्याची कमाईच निसटली.

पण मला सगळ्यात जास्त बोलायचंय ते ‘द टेक्सस चेन सॉ मॅसकर’बद्दल. टोबी हूपर नावाच्या ऑस्टिनच्या तरुण दिग्दर्शकाने १९७३च्या उन्हाळ्यात हा काढला, १९७४ मध्ये आला. बजेट दीड लाख डॉलरच्या आत. पाच पोरंपोरी व्हॅनमधून निघतात, एका खेडेगावातल्या घरात जातात, तिथे कत्तलखान्यातलं काम सुटलेलं एक कुटुंब राहतं, बस्स. नाव ऐकून वाटतं रक्ताचा सडा असेल, आणि बघितलेल्या लोकांना पण नंतर तसंच आठवतं, पण खरं तर पडद्यावर रक्त फार कमी आहे. हूपरला लहान मुलांनाही मोठ्यांबरोबर बघता येईल असं हलकं सर्टिफिकेट मिळायची आशा होती म्हणून त्याने हात आखडता घेतला होता. मिळालं नाहीच. ब्रिटनमध्ये तर त्याला रीतसर परवानगी मिळायला १९९९ उजाडलं. आपण जे बघितलं असं वाटतं ते आपल्या डोक्यात घडलेलं असतं, आवाजाने आणि उकाड्याने.

आणि तो उकाडा खरा होता. सिनेमा १६ एमएमवर, म्हणजे अरुंद, स्वस्त पट्टीवर काढला, पैसे नव्हते म्हणून. त्यातही फिल्म अशी की तिला प्रचंड उजेड लागायचा, म्हणजे टेक्ससच्या उन्हाळ्यात, बंद घरात, खिडक्या झाकून, वर ते दिवे. शेवटचा जो जेवणाच्या टेबलाचा सीन आहे तो सलग चोवीस तासांहून जास्त शूट झाला. टेबलावरचं खाणं सडलं, सजावटीला आणलेली जनावरांची हाडं दिव्यांखाली तापून वास मारायला लागली, माणसं बाहेर जाऊन ओकून परत येत होती. गनर हॅन्सन, तो कातड्याचा मुखवटा घातलेला धिप्पाड माणूस, त्याच्याकडे कपड्यांचा एकच जोड होता आणि तो धुता येत नव्हता, धुतला तर रंग बदलला असता, म्हणून महिनाभर तोच. त्याच्या शेजारी बसून कुणी जेवत नव्हतं. एका सीनमध्ये नायिकेचं बोट कापून रक्त काढायचं होतं, खोट्या रक्ताची नळी चालेना, रात्र संपत आली, सगळे पिसाटलेले, आणि हॅन्सनने खरोखर मॅरिलिन बर्न्सचं बोट कापलं. तिला कळायच्या आत.

मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला तो सिनेमा बघवेना. नंतर पुन्हा बघितला आणि तेव्हापासून त्यातली तिची किंकाळी मला वेगळी ऐकू येते. आणि सिनेमा तुफान चालला तरी यातल्या बहुतेकांच्या हातात किरकोळ रक्कम पडली, नफ्यातला वाटा कागदावर होता, वितरकाने हिशोबच नीट दिला नाही. बर्न्स २०१४ मध्ये गेली, हॅन्सन २०१५, हूपर २०१७. सिनेमाची प्रिंट मात्र न्यूयॉर्कच्या मॉडर्न आर्ट म्युझियममध्ये आहे.

म्हणजे एक्सप्लॉयटेशन हा शब्द दोन्हीकडे लागतो. विषयाचा फायदा उपटणारा सिनेमा, आणि माणसांचा पण. ज्याला सलाम करायचाय त्यात हे दोन्ही आहे, आणि माझं म्हणणं एवढंच आहे की जो नवा सिनेमा फक्त दाणेदार चित्र, झूम, पिवळी टायटलं, सिंथेसायझर एवढंच उचलतो त्याने त्या उन्हाळ्याचं काहीच उचललेलं नसतं. गरिबी ही त्यांची स्टाइल नव्हती. परवडलं असतं तर त्यांनी चांगली फिल्म, थंड खोली आणि दुसरा शर्ट घेतला असता. ‘ग्राइंडहाउस’ला पाच कोटी डॉलरच्या वर खर्च आला, त्याच्या निम्माही अमेरिकेतल्या थिएटरांत परत मिळाला नाही, आणि काही प्रेक्षक तर पहिला सिनेमा संपल्यावर सगळं संपलं समजून उठून गेले, कारण एका तिकिटात दोन सिनेमे ही गोष्टच लोक विसरले होते. मला त्या दोघांच्या प्रेमाबद्दल शंका नाही. दोघांनी ते सिनेमे पोटभर बघितलेत ते दिसतं. पण त्यांनी ते खालून, खुर्चीतून बघितले. केबिनमधून नाही.

टी वेस्ट या दिग्दर्शकाचा ‘एक्स’ मी २०२२ मध्ये बघितला, रात्री एकटीने, पुण्यातल्या फ्लॅटमध्ये, हेडफोन लावून. या माणसाने आधी २००९ मध्ये ‘द हाउस ऑफ द डेव्हिल’ केला होता, ८०च्या दशकातला वाटावा असा, तो त्याने खरोखर १६ एमएमवर काढला आणि त्याच्या प्रसिद्धीसाठी जुन्यासारखी व्हीएचएस कॅसेट पण काढली, त्यामुळे मी जरा सावध होते की आता पुन्हा ओरखडे बघायचे. सुरुवातीला चित्र चौकोनी दिसतं, जुन्या टीव्हीसारखं, दोन्ही बाजूला काळं. मी म्हटलं झालं, आलं परत. आणि मग कॅमेरा हळूहळू पुढे सरकतो आणि कळतं की ते काळं म्हणजे दाराची फळ्यांची चौकट आहे, आपण अंधारातून बाहेर बघत होतो, आणि दारातून बाहेर आल्यावर चित्र रुंद होतं, समोर उन्हात घर, पोलिसांची गाडी. एकही खोटा ओरखडा न टाकता त्याने मला जुन्या सिनेमाच्या आत नेऊन बाहेर आणलं. मी तेवढाच शॉट चार वेळा मागे नेऊन बघितला.

गोष्ट १९७९ची, टेक्सस, शूटिंग मात्र करोनाच्या काळात न्यूझीलंडमध्ये झालं. सहा जण व्हॅनमधून एका म्हाताऱ्या जोडप्याच्या शेतघरावर जातात, गुपचूप ब्लू फिल्म काढायला. आणि ‘एक्स’ ज्या गोष्टीत वेळ घालवतो ती म्हणजे यांचं काम. निर्माता गाडी चालवताना हिशोब मांडतोय की आता लोक घरी कॅसेटवर बघणार, पैसा तिथे आहे. आरजे नावाचा पोरगा कॅमेरामन-दिग्दर्शक, त्याला मनापासून वाटतं की घाणेरडा सिनेमा पण चांगला काढता येतो, एडिटिंग नीट करता येतं, फ्रेम चांगली लावता येते. त्याची मैत्रीण लोरेन (जेना ऑर्टेगा) हातात बूम घेऊन उभी, गप्प, सगळं ऐकत. सीन चाललाय, आणि कॅमेरा तिच्या चेहऱ्यावर जातो, हेडफोन लावलेला, माइकची काठी धरलेली. मला त्या क्षणी रडू आलं, आणि त्याचं कारण मला नंतर कळलं, ते असं की मी आयुष्यात पहिल्यांदा असल्या सिनेमातल्या साउंडवालीचा चेहरा बघत होते. ती दिवसभर ऐकून ऐकून शेवटी म्हणते मला पण यात काम करायचंय, आणि आरजे, तोच पुढारलेल्या विचारांचा आरजे, कोसळतो. दुसऱ्या बायकांना कॅमेऱ्यासमोर उभं करताना त्याला काही वाटलं नव्हतं. या एका सीनमध्ये एक्सप्लॉयटेशन सिनेमाचा सगळा हिशोब आलाय.

हूपरला सलाम जागोजागी आहेत, व्हॅन आहे, पेट्रोल पंप आहे, तलावात मगर आहे (हूपरने चेन सॉनंतर १९७६ मध्ये ‘ईटन अलाइव्ह’ काढला त्यात पण असलंच जनावर होतं). तो मगरीचा शॉट तर बघाच, खूप उंचावरून, त्या सहांतली नायिका मॅक्सीन पाण्यात एकटी पोहतेय, तिला माहीत नाही, आणि मागून एक काळी रेघ सावकाश तिच्याकडे सरकतेय. कॅमेरा हलत नाही, कुणी ओरडत नाही. पण मला जास्त महत्त्वाचं वाटतं ते हे की जुन्या सिनेमात घरातली राक्षस मंडळी फक्त राक्षस होती, इथे त्या जोडप्यातली म्हातारी पर्ल तरुण पोरींकडे खिडकीतून बघते आणि तिला आपलं गेलेलं शरीर दिसतं. आणि पर्ल आणि मॅक्सीन दोन्ही भूमिका मिया गॉथनेच केल्यात, तासन्‌तास मेकअप करून. तीच मारणारी, तीच पळणारी.

बघताना मला आमच्या थिएटरबाहेरची पोस्टरं आठवत होती, ज्यांच्यावरून जाताना आई माझं डोकं दुसरीकडे वळवायची. त्या पोस्टरवरच्या बायकांची नावं कुणालाच माहीत नव्हती. बायकांनी बघायचा सिनेमाच नव्हता तो, आणि मी केबिनमधून बघत होते म्हणून मला चाललं, मामाच्या पाठीमागून. आज एक बाई म्हणून मी या सिनेमांवर एवढा जीव का टाकते असं मला मैत्रिणी विचारतात. कारण त्यातल्या किंचाळणाऱ्या पोरीच शेवटपर्यंत टिकायच्या आणि त्यांच्याकडे कुणी माणूस म्हणून बघितलं नव्हतं, आणि आता कुणीतरी बघतंय.

‘रामसे’ हा शब्द मी आत्तापर्यंत काढला नाही पण मराठी वाचकाच्या डोक्यात तो कधीचाच आला असणार. आपल्याकडचं एक्सप्लॉयटेशन म्हणजे त्या रामसे भावांचे हिंदी भूतपट. वडील एफ. यू. रामसे, कराचीतलं रेडिओचं दुकान फाळणीत सोडून मुंबईला आलेले. १९७०चा त्यांचा एक सिनेमा पडला पण त्यात पृथ्वीराज कपूर भयानक मुखवटा घालून म्युझियममध्ये चोरी करतात त्या सीनला लोक घाबरले, मुलांनी ते हेरलं. सात भाऊ, कुणी कॅमेरा घेतला, कुणी साउंड, कुणी दिग्दर्शन, कुणी लेखन. मग सगळं कुटुंब घेऊन महाबळेश्वरला गेले, चाळीसेक दिवसांत ‘दो गज जमीन के नीचे’ काढला, १९७२ मध्ये लागला. म्हणजे टेक्ससच्या त्या घराच्या आधी, आमच्या घाटावर, धुक्यात, बायका सगळ्या युनिटचा स्वयंपाक करतायत आणि पोरं भूत उभं करतायत. धुकं फुकट होतं.

‘पुराना मंदिर’ (१९८४) मामाने किती वेळा चालवला त्याला मोजता येत नाही. त्यात सामरी नावाचा राक्षस झालेला अनिरुद्ध अग्रवाल हा रुरकीत शिकलेला इंजिनिअर होता हे मी मामाला सांगितलं तेव्हा तो बराच वेळ काही बोललाच नाही. मग म्हणाला, "त्याच्या तोंडावर फार मेकअप नव्हता. मी पुष्कळ जवळून बघितलंय, पट्टी हातात घेऊन, उजेडात धरून. तसाच चेहरा होता त्याचा." मामाने सामरीला फ्रेम-फ्रेमने बघितलं होतं, बोटांच्या चिमटीत.

आपल्याकडे असा सलाम झाला का? अशीम अहलुवालियाचा ‘मिस लव्हली’ (२०१२, कानच्या फेस्टिव्हलला पण दाखवला गेला) हा माझ्या मते त्यातला खरा. ८०च्या दशकातल्या मुंबईत चोरून सी ग्रेड भूतपट काढणारे दोन भाऊ, नवाजुद्दीन त्यातला धाकटा. त्यातल्या खोल्या, त्यातले भडक पडदे, घाईघाईत मेकअप पुसणाऱ्या बाया, सगळं जवळून बघितल्याचं कळतं. आणि २०२३ मध्ये ‘सिनेमा मरते दम तक’ नावाची मालिका आली, त्यात अशा दिग्दर्शकांना परत एकेक सिनेमा काढायला दिलाय आणि कॅमेरा त्यांच्यावर आहे, ते लोक म्हातारे झालेत आणि सेटवर गेल्या गेल्या त्यांची पाठ सरळ होते. रामसे भावांवर मात्र अजून कुणी तसा सिनेमा केलेला मी बघितला नाही. त्यांच्या नावाने होतात ती विडंबनं, रबरी हात, तुटक संवाद, हसा. मला त्याचा राग येतो. महाबळेश्वरच्या थंडीत जी बाई पन्नास माणसांच्या भाकऱ्या थापत होती आणि मधेच उठून कुणाच्या तरी चेहऱ्याला रंग लावत होती तिचा चेहरा मला बघायचाय, लोरेनसारखा, बूम धरलेला.

‘एक्स’च्या मागोमाग त्याच सेटवर, त्याच शेतघरात वेस्टने ‘पर्ल’ काढला, त्याच वर्षी आला. त्या म्हातारीची तरुणपणची गोष्ट, १९१८, फ्लूची साथ, तोंडाला मास्क. आणि तिथे त्याने रंग वापरलेत ते जुन्या टेक्निकलरसारखे, लालभडक, हिरवेगार, एकही ओरखडा नाही. पर्ल सिनेमाची वेडी आहे, तिला पडद्यावर नाचायचंय, आणि गावातल्या थिएटरचा प्रोजेक्शनिस्ट तिच्याशी गोड बोलतो, तिला केबिनमध्ये नेतो, सगळ्यांना दाखवत नाहीत असली एक चोरटी फिल्म लावून दाखवतो. ती बघते. दिव्याचा उजेड तिच्या तोंडावर हलतोय. ‘एक्स’ची सगळी गोष्ट त्या केबिनमध्ये सुरू होते.

हा एवढाच तुकडा मी मागच्या दिवाळीत मामाला दाखवला. बाकीचा नाही, मला लाज वाटली असती. फिल्म दिसायच्या आधीचा भाग, केबिन, पोरगा, मशीन. मामा आता शहात्तरचा आहे, मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय. त्याने चष्मा वर केला आणि तसाच वाकला, पूर्वीसारखा. मी मधे काहीच बोलले नाही. तो मशीनकडे बघत होता, पोरीकडे नाही. उजवा हात मांडीवर होता आणि अंगठा आणि पहिलं बोट एकमेकांवर घासत होतं, सावकाश, जसं काही मधून पट्टी जातेय.

"चांगलं ठेवलंय मशीन," तो म्हणाला. मग थोड्या वेळाने, "पुढे काय होतं ह्या पोराचं?"

मी सांगितलं, मारते ती त्याला, तिच्या शेतावर.

मामाने मान हलवली. फराळाची ताटली उचलली, परत खाली ठेवली.

"मग दुसऱ्या दिवशी शो कुणी लावला?"